सिंधी वाचणारं कुणी आहे का? कोपरीतल्या दादींची वही

कोपरीची_लेक | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, एक मदत हवी आहे. काम छोटं आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

माझं माहेर ठाणे पूर्वेला, कोपरीत. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी वसवलेल्या कॉलनीला लागूनच आमची चाळ होती. मधे एक गटार आणि शेवग्याचं झाड, एवढीच काय ती हद्द. पलीकडे दादी राहायच्या. गेल्या महिन्यात त्या गेल्या. ८८ वर्षांच्या होत्या.

आम्ही चाळीतली पोरं त्यांना दादी म्हणायचो ते आजी या अर्थाने. कॉलेजात गेल्यावर कळलं की सिंधीत दादी म्हणजे मोठी बहीण. आजीला ॾाॾी, आणि तो ॾ श्वास आत ओढून म्हणायचा. मला कधी जमला नाही. त्यांनी मात्र आमचं चुकलेलं नातं कधी दुरुस्त केलं नाही.

दादी सक्खरच्या, सिंधू नदीच्या काठच्या. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली, त्यानंतर त्यांच्या वडिलांनी निघायचं ठरवलं. तेव्हा दादी अकरा वर्षांच्या. सिंधीची चौथी झालेली, पाचवीचं पुस्तक आणून ठेवलेलं. सक्खरहून कराचीपर्यंत आगगाडी, कराचीहून बोट. दोन रात्री डेकवर काढल्या. मुंबईच्या गोदीतून थेट कल्याणच्या कॅम्पात. महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या बराकी होत्या त्या. एका लांबलचक बराकीत अनेक कुटुंबं, आणि दोन कुटुंबांच्या मधे तरटाचा पडदा. दादी सांगायच्या, "पडद्यापलीकडचा माणूस कूस बदलला तरी आम्हाला कळायचं."

वडिलांचं सक्खरला कापडाचं दुकान होतं, पण भाड्याच्या जागेत. पुढे सरकारने मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईचे क्लेम मागवले ते स्वतःच्या मालकीच्या घरादाराचे, जमिनीचे. दुकानातला माल, गिऱ्हाइकांकडची उधारी, वीस वर्षांची पत, यातलं काहीच त्या फॉर्मात बसत नव्हतं. दुकानदार माणूस लोकलमध्ये पेपरमिंटच्या गोळ्या विकायला लागला. आई आणि दादी पापड लाटायच्या. उडदाचे, भरपूर मिऱ्याचे. १९५५ च्या सुमारास लग्न होऊन दादी कोपरीला आल्या त्या लाटणं घेऊनच.

मी पाहिलं तेव्हा त्यांच्या ओट्यावर रोज दोनेकशे पापड वाळत असायचे. उन्हात पोचलो की आधी भाजलेला पापड आणि पाणी, मग बाकीचं बोलणं. नवरा लवकर गेला. तीन मुलं पापडांवर शिकली.

आता कामाचं. त्यांची मुलगी दुबईला असते. घर आवरताना तिला पत्र्याच्या पेटीत एक वही सापडली. खाकी पुठ्ठा, साधारण ६० पानं. उजवीकडून डावीकडे लिहिलेली. तिला वाचता येत नाही, तिच्या भावांना येत नाही, नातवंडांचा तर प्रश्नच नाही. मी सगळ्यात जवळ राहते (आता ऐरोलीला), म्हणून ती माझ्याकडे देऊन गेली. पानं इथे टाकायला तिची परवानगी घेतली आहे. पहिल्या चार पानांचे फोटो जोडतेय. कुणी वाचून देईल का?

घोडबंदर_रोड | रविवार, रात्री १०:०५

छान लिहिलंय. लिपी उर्दू वाटतेय, एखाद्या मौलवींना दाखवा.

उल्हासकाठ | रविवार, रात्री ११:२०

उर्दू नाही, सिंधीच. चौथ्या ओळीतलं अक्षर पाहा, त्यावर चार ठिपके आहेत. तशी अक्षरं उर्दूत नसतात. अरबी वळणाची सिंधी लिपी इंग्रजांच्या काळात १८५३ मध्ये ठरली, तिची ५२ अक्षरं आहेत.

हे मी ओळखू शकतो, वाचू शकत नाही. मी उल्हासनगरचा, तिसऱ्या पिढीतला सिंधी. शिक्षण इंग्रजीत, मित्र मराठी, घरी सिंधी बोलतो. आजोबांनी आजीला लिहिलेली अकरा पत्रं आमच्या कपाटात आहेत. घरात सात माणसं आहेत आणि एकालाही ती वाचता येत नाहीत. ताई, तुमची पोस्ट वाचून आज ती पुन्हा काढली.

माझे एक काका कॅम्प ४ मध्ये सिंधी माध्यमाच्या शाळेत शिक्षक होते. आता ८१ वर्षांचे आहेत. उद्या त्यांना दाखवतो. मोठे फोटो लागतील, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय.

इतिहासवेडा | सोमवार, सकाळी ७:५०

वरच्या माहितीत थोडी भर. कल्याणच्या त्या लष्करी छावणीत १ लाखाच्या आसपास निर्वासित होते. पाच कॅम्प होते, आणि आजही पत्ता सांगताना उल्हासनगरकर कॅम्प नंबरच सांगतात. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिथे कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून वस्तीचं नाव उल्हासनगर झालं.

दुसरं, ही मंडळी आपल्याला अगदी परकी होती असं नाही. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीत मराठी वस्ती होती, अजूनही थोडी आहे. १८५५ मध्ये कराचीत सुरू झालेल्या शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांचं नाव आहे. सिंधच्या शिक्षण खात्यात होते ते. सिंधी हिंदू व्यापारी हिशेब ज्या खुदाबादी लिपीत लिहायचे, ती शाळेत शिकवण्याजोगी करायचं काम १८६८ मध्ये त्यांच्याकडे दिलं होतं. म्हणजे एक मराठी माणूस सिंधीच्या अक्षरांवर काम करत होता.

ताई, वही हिशेबाची असेल तर ती खुदाबादीत असायला हवी होती. बायका पुष्कळदा गुरुमुखी वाचायच्या, घरात ग्रंथसाहिब असायचा म्हणून. दादींनी अरबी लिपीत लिहिलंय याचं कारण तुम्हीच दिलंय, चौथीपर्यंतची शाळा.

घोडबंदर_रोड | सोमवार, सकाळी ९:१५

उल्हासनगर म्हटलं की नकली मालावरचं 'मेड इन यूएसए' आठवतं, उल्हासनगर सिंधी असोसिएशन 🙂 राग मानू नका.

उल्हासकाठ | सोमवार, सकाळी ९:४०

राग नाही, पण लागतं. शाळेत, कॉलेजात, पहिल्या नोकरीत, प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी हाच विनोद ऐकलाय. माझे आजोबा बिस्किटं भाजायचे, त्यावर कुठलंही खोटं नाव नव्हतं. पहाटे तीनला भट्टी पेटवायचे. एवढंच सांगतो आणि थांबतो.

घोडबंदर_रोड | सोमवार, सकाळी ९:५५

चुकलं माझं. मनापासून माफी मागतो.

चेंदणीकर | सोमवार, दुपारी २:३०

ताई, तुमच्या दादी पापड घेऊन चेंदणी कोळीवाड्यात यायच्या का? पांढरी सलवार, खांद्यावर डबा? माझी आय सांगते अशी एक सिंधीण यायची. पापड द्यायची आणि पैशाच्या बदल्यात म्हावरं न्यायची. पाला मासा आला की हमखास यायची.

कोपरीची_लेक | सोमवार, दुपारी ३:१०

त्याच! अंगावर काटा आला वाचून.

पाल्याची गोष्ट तर मला त्यांनी किती वेळा सांगितली असेल. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्या कोळीवाड्यात गेल्या. मराठी एक अक्षर येत नव्हतं. एका टोपलीत रुपेरी मासा दिसला आणि तोंडून निघून गेलं, "पल्लो!" समोरची मावशी म्हणाली, "हां, पाला." दादी म्हणायच्या, "कल्याणला सात वर्षं काढली, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणीतरी न विचारता समजून घेतलं."

त्यांचं मराठी नौपाड्याचं, म्हणजे शिकलेल्यांचं नव्हतं, चेंदणीच्या कोळणींचं होतं. "कवा आलीस?", "म्हावरं ताजं हाय." माझी आई शाळेत शिक्षिका. तिला आधी ते खटकायचं. नंतर तीच त्यांच्याकडून कोळणींच्या म्हणी लिहून घ्यायला लागली.

उल्हासकाठ | सोमवार, दुपारी ४:००

पल्ल्याचं महत्त्व सांगतो. समुद्रातून सिंधूत चढणारा हा मासा. आमच्यात म्हणतात की तो प्रवाहाच्या उलट पोहत सक्खरजवळच्या जिंदापीराच्या दर्शनाला जातो आणि मगच मागे फिरतो. त्या जिंदापीरालाच सिंधी हिंदू आपलं दैवत झुलेलाल मानतात. झुलेलालची तसबीर पाहिली असेल तर कमळाखाली मासा आठवेल, तो पल्ला. १९५५ मध्ये सक्खरच्या खाली सिंधूवर कोटरीचा बंधारा पूर्ण झाला आणि पल्ल्याची वाट अडली. म्हणजे ज्या सुमारास दादींना ठाण्यात पल्ला सापडला, त्याच सुमारास तो सक्खरला पोचेनासा झाला.

चेंदणीकर | सोमवार, दुपारी ४:२५

आता आमच्या खाडीतही काय राहिलंय? माझ्या बापाने खाडीत जाळं टाकून घर चालवलं. मी रिक्षा चालवतो. पाला खायचा तर पावसाळ्यात भरूचकडून येतो तो, आणि भाव ऐकून परत फिरायचं. आयला आज तुमची पोस्ट वाचून दाखवली. ती म्हणाली, "ती बाय उधारी कधी ठेवायची नाय."

जासईकर | सोमवार, रात्री ९:००

सगळं वाचलं. दादींविषयी आदर आहे. पण एक बोलतो, वाईट वाटून घेऊ नका.

सरहद्दीपलीकडून आलेल्याला निर्वासित म्हणतात, त्याच्यासाठी खातं असतं, कॅम्प असतो, कायदा असतो. आमचं काय? १९७० मध्ये शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली. ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी गेल्या. मिठागरं, भातखाचरं, सगळं. आमच्या आजाने सरहद्द ओलांडली नाही, तो त्याच घरात मेला, पण त्याच्या दारातून दिसणारं शेत त्याचं राहिलं नव्हतं. जानेवारी १९८४ मध्ये आमच्या भागात आंदोलनावर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. आमचे नेते दि. बा. पाटील उभे राहिले म्हणून पुढे साडेबारा टक्के जमीन परत द्यायची योजना आली. ती मिळवायला अनेकांची हयात गेली. आम्हाला शब्द मिळाला 'प्रकल्पग्रस्त'. हा शब्द शाळेच्या दाखल्याबरोबर जोडायच्या कागदावर असतो. लहानपणी मला तो आजाराचं नाव वाटायचा.

कोपरीची_लेक | सोमवार, रात्री १०:३०

दादा, वाईट का वाटेल? मी ऐरोलीत १९ वर्षं राहतेय. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती कुणाची होती, हे मी आजवर एकदाही विचारलेलं नाही. आज इथल्या गावातल्या भाजीवाल्या काकूंना विचारलं. त्यांनी हाताने दाखवलं, "त्या पाण्याच्या टाकीपासून हितपर्यंत आमचं भात होतं." मी रोज त्यांच्याकडून कोथिंबीर घेते.

तुमचं लिहिणं या धाग्यात हवंच होतं.

खारीगावकर | मंगळवार, पहाटे ३:१०

मूळचा खारीगावचा, सध्या जर्मनीत लाइपझिशला. इथे रात्रच आहे अजून, झोप येईना म्हणून लिहितो.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक सीरियन कुटुंब राहतं. तो अलेप्पोला फार्मसिस्ट होता. २०१५ मध्ये जर्मनीत पोचला. इथे आश्रय मिळालेल्यांना भाषेचा अभ्यासक्रम असतो, ६०० तासिका भाषेच्या आणि वर १०० तासिका इथल्या कायद्याच्या, इतिहासाच्या. तो सगळा केला त्याने. तरी फार्मसीत उभं राहायला परवाना हवा, त्यासाठी व्यवसायातल्या भाषेची वेगळी परीक्षा. तोवर गोदामात खोकी उचलली. पाच वर्षं गेली. आता औषधाच्या दुकानात काम करतो. परवा माझ्या मुलाला ताप होता तर जिन्यात भेटल्याबरोबर डोस तपासून दिला.

हे सांगायचं कारण, त्याच्याकडेही अशी वही आहे. मी पाहिली आहे. पहिल्या पानावर पहिला शब्द 'टर्मिन', म्हणजे कार्यालयात भेटीची ठरलेली वेळ. दुसरा 'नोंदणी'. आपण भाषा शिकताना आई, बाबा, झाड, पाणी असं सुरू करतो. त्याला आधी रांगेतले शब्द लागले. दादींच्या वहीत काय निघतं याची वाट पाहतोय.

उल्हासकाठ | बुधवार, रात्री ८:४५

काकांनी आठ पानं वाचली. मी शेजारी बसून देवनागरीत उतरवून घेतलं.

ताई, पहिली पाच पानं पापडांच्या हिशेबाची आहेत. कुणाला किती दिले, किती येणे. नावं नाहीत, खुणा आहेत: 'पिंपळाजवळची', 'रेल्वेतल्या बाबूंची बायको', 'चष्मेवाली'. आधी रुपये-आणे, पाचव्या पानापासून नवे पैसे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, म्हणजे वही त्याच्या आगेमागे सुरू झालेली.

सहाव्या पानापासून मात्र वेगळंच आहे. पानाच्या मधोमध उभी रेघ. काका आधी गोंधळले. उजवीकडचे शब्द सिंधी अक्षरांत आहेत, पण सिंधी नाहीत. मग मला म्हणाले, "हे मोठ्याने वाचतो, तू ऐक." त्यांनी वाचलं, "उद्या पैसे देते." शब्द मराठी, अक्षरं सिंधी. डावीकडे सिंधीत अर्थ.

दादी मराठी शिकत होत्या. स्वतःच, या वहीत.

कोपरीची_लेक | बुधवार, रात्री ८:५५

मला लिहिता येत नाहीये. पुढे सांगा.

उल्हासकाठ | बुधवार, रात्री ९:३०

क्रम तसाच ठेवून देतो.

उद्या पैसे देते. / उधार नाही. / किती झाले? / सुटे नाहीत. / माझा नंबर आधी होता. / रेशन कधी येणार? / मुलाला ताप आहे. / दूध, आणि समोर खीरु. / मीठ, आणि समोर लूणु. / पाणी, आणि समोर पुन्हा पाणी. इथे काका हसले. आपला ण दोन्हीकडे तसाच आहे. दादींनी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्यात.

मग पाला, समोर पल्लो, आणि कंसात भाव, दीड रुपया.

सातव्या पानावर चेंदणीच्या बोलीतलं बरंच आहे. म्हावरं, कालवण, कवा, हितं. काकांना वाटलं चुकीचं लिहिलंय. मी म्हटलं, "नाही काका, असंच बोलतात."

खारीगावकर | बुधवार, रात्री ११:५०

"माझा नंबर आधी होता." उद्या हे शेजाऱ्याला सांगणार आहे.

चेंदणीकर | गुरुवार, सकाळी ६:४०

आयला वाचून दाखवलं. दीड रुपयाचं ऐकून म्हणाली, "तेवढ्यालाच द्यायचो तिला, बाकीच्यांना दोन." मग गप्प बसली. मग म्हणाली वही बघायची आहे. वाचता येत नाही तिला, मराठीही नाही, पण बघायची आहे.

कोपरीची_लेक | गुरुवार, सकाळी ७:१५

रविवारी घेऊनच येते कोळीवाड्यात. तुमच्या आईंना सांगा.

उल्हासकाठ | शुक्रवार, रात्री १०:१०

ताई, आठव्या पानावरचं एक राहिलं होतं. त्या दिवशी सगळ्यांसमोर लिहावं की नाही ते ठरत नव्हतं. काकांना विचारलं, ते म्हणाले लिही.

उजवीकडे शब्द आहे 'निर्वासित'. बाकी सगळ्या शब्दांसमोर सिंधी शब्द आहे, इथे नाही. सिंधीत या अर्थाचे शब्द नसतील असं नाही, काकांनी लगेच दोन सांगितले. दादींनी तिथे लिहिलंय, 'असांखे ईएं चवंदा आहिनि.' म्हणजे, 'आम्हाला असं म्हणतात.'

कोपरीची_लेक | शुक्रवार, रात्री ११:४५

तासभर झाला, इथेच बसून आहे.

हा शब्द त्यांनी कुठे ऐकला असेल ते मला माहीत आहे. आमच्या चाळीत. माझी आजी आम्हाला हाक मारायची, "निर्वासितांच्या ओट्यावर बसू नका गं, जेवायला या." आजी प्रेमळ बाई होती. दादी बाळंतीण असताना डिंकाचे लाडूही तिनेच पाठवले होते. पण हाक तीच, रोज संध्याकाळी, मोठ्याने. मधे फक्त शेवग्याचं झाड होतं. दादींना मराठी येत नाही असं ती धरून चालली होती, आणि दादी आत बसून शब्द उतरवून घेत होत्या.

मी पण म्हटलाय तो शब्द. याच धाग्याच्या सुरुवातीला लिहिलाय, 'सिंधी निर्वासितांसाठी वसवलेल्या'. कागदोपत्री बरोबर आहे, म्हणून खोडत नाही.

दुबईला फोन केला. मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली आईने हा शब्द घरात कधी उच्चारला नाही, बाबांच्या कागदांवर असायचा तेवढाच. सिंधीतला अर्थ मी वाचला तेव्हा तिने माझा उच्चार सुधारला. तीन वेळा म्हणायला लावलं.

जासईकर | शनिवार, सकाळी ८:२०

ताई, आमच्याकडेही अशा कागदांची पेटी आहे, नोटिसा वगैरे. आजाचा अंगठा आहे त्यावर. ही वही पाहून काल ती उघडली. रविवारी चेंदणीला मी आलो तर चालेल का?

कोपरीची_लेक | शनिवार, सकाळी ८:३०

या ना. अकरा वाजता, ठाणे स्टेशन पूर्वेला भेटू, तिथून चालत जाऊ. उल्हासकाठ, काकांना जमणार असेल तर त्यांनाही आणा, आणि तुमची अकरा पत्रंसुद्धा.

उल्हासकाठ | शनिवार, सकाळी ९:०५

काका येतायत. विचारतायत की पान नऊ ते वीसचे फोटो आजच मोठे करून पाठवाल का. रात्री वाचून ठेवतील.

कोपरीची_लेक | शनिवार, सकाळी ९:१०

पाठवते. पान बारा तेलकट आहे, पापडाचं तेल लागलंय. उजेडात धरून पुन्हा काढते.